‘मला काही नको’ या उत्तरानंतर : स्वतःची आबाळ करणारे वृद्ध आणि संकटकाळचा आधार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली, याचा एक अर्थ उत्सवाच्या गडबडीत सहसा ध्यानात येत नाही. शाळा उघडली त्या वर्षी सहा वर्षांची जी मुले पहिलीच्या वर्गात येऊन बसली, ती आज सहासष्ट वर्षांची आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे वयाची साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. म्हणजे शाळेच्या आरंभीच्या कित्येक तुकड्या आता ज्येष्ठ नागरिकांच्या तुकड्या झाल्या आहेत आणि त्यांना मुळाक्षरे शिकविणारे जे गुरुजन हयात आहेत, ते ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे गेले आहेत.

शाळेतला दिवस हजेरीने सुरू होतो. नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही, तर गुरुजी मान वर करून पाहतात. दोन दिवस बाक रिकामा राहिला तर शेजारच्या मुलाकडे चौकशी होते. आठवडा उलटला तर घरी निरोप जातो. ही व्यवस्था इतकी साधी आहे, की तिचे मोल कोणाला जाणवत नाही. माणूस निवृत्त झाला, जोडीदार गेला, मुले दूर गेली, की त्याची हजेरी घेणारे कोणी उरत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हीच काय ती वार्षिक हजेरी. त्या दाखल्यावरून माणूस जिवंत आहे एवढे कळते. तो जेवतो का, औषध घेतो का, त्याच्या घरात पाय ठेवायला जागा आहे का, हे कळत नाही. आजचा विषय या दाखल्यापलीकडच्या माणसाचा आहे. जे वृद्ध आपापल्या घरी राहून स्वतःचीच आबाळ करतात, मदतीचा हात पुढे आला तर ‘मला काही नको’ म्हणून दार लावून घेतात, त्यांच्यावर संकट कोसळते तेव्हा समाजाने काय करावे, हा तो विषय होय.

‘आबाळ’ हा शब्द मराठीत बहुधा ‘होणे’ या क्रियापदाबरोबर येतो. आई आजारी पडली म्हणजे मुलांची आबाळ होते. सून माहेरी गेली म्हणजे सासऱ्यांची आबाळ होते. म्हणजे कोणाच्या तरी अनुपस्थितीने ती घडते, असे भाषेनेच गृहीत धरले आहे. माणूस स्वतःची आबाळ स्वतः करू शकतो, हा प्रयोग कानाला थोडा खटकतो, आणि म्हणूनच कदाचित ही अवस्था समोर असूनही ओळखू येत नाही. वैद्यक आणि समाजकार्य या क्षेत्रांत तिला आत्मउपेक्षा म्हणतात. अंघोळ, कपडे, नखे, दात यांची काळजी सुटते. दोन वेळच्या जेवणाची जागा चहा आणि बिस्किटे घेतात. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या पाकिटातच राहतात. वीजबिल भरले जात नाही. वर्तमानपत्रे, रिकामे डबे, पिशव्या यांच्या राशी वाढत जाऊन पलंगापर्यंत येतात. दारावरची घंटा वाजली तरी आतून उत्तर येत नाही. यांतील एखादी गोष्ट कोणाच्याही घरी आढळेल. अनेक गोष्टी एकत्र येऊन जीव किंवा आरोग्य धोक्यात आले, तरीही मदत नाकारली जाते, तेव्हा ती आत्मउपेक्षा ठरते.

आपल्या समाजात ही अवस्था झाकून ठेवणारे पडदे पुष्कळ आहेत, आणि ते सारे प्रतिष्ठित आहेत. कोणी म्हणते, ‘काका पहिल्यापासूनच काटकसरी.’ कोणी म्हणते, ‘आजींनी आता सगळ्यातून मन काढून घेतले आहे.’ काटकसर आणि विरक्ती हे दोन्ही गुणच आहेत. परंतु विरक्त माणूस जे सोडतो ते जाणून सोडतो, त्याची दिनचर्या सहसा मोडत नाही आणि चार माणसांशी त्याचे बोलणे चालू असते. औषधाची वेळ चुकते, पायाची जखम चिघळते आणि तरी माणूस ‘बरे आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला वैराग्य म्हणणे ही पाहणाऱ्यांनी स्वतःची करून घेतलेली सोय आहे.

वैद्यकाच्या इतिहासातही असा एक घोटाळा झाला. इंग्लंडमध्ये मॅकमिलन आणि शॉ यांनी १९६६ साली वार्धक्यातील स्वच्छतेच्या ऱ्हासाविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९७५ साली क्लार्क, मंकीकर आणि ग्रे यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीस रुग्णांचा अभ्यास मांडला आणि या अवस्थेला ‘डायोजिनिस सिंड्रोम’ असे नाव दिले. डायोजिनिस हा रांजणात राहणारा ग्रीक तत्त्वज्ञ. नाव रूढ झाले, पण ते चपखल नाही, असा आक्षेप अनेकांनी घेतला; कारण डायोजिनिसने साधेपणा बुद्धिपुरस्सर पत्करला होता, तो साठवण करीत नव्हता आणि भर बाजारात लोकांशी वाद घालीत होता.

त्या तीस रुग्णांविषयीची निरीक्षणे मात्र आजही विचार करायला लावतात. दोघांचा अपवाद सोडता सर्व जण एकटे राहत होते. दारिद्र्य हे मुख्य कारण नव्हते. अनेकांनी नोकरी-व्यवसायात यश मिळविलेले होते आणि निम्म्या रुग्णांत कोणताही मानसिक आजार आढळला नव्हता. त्यांची बुद्धिमत्ता सरासरीहून अधिक होती. सगळ्यांची नावे समाजकल्याण खात्याला आधीपासून ठाऊक होती आणि त्यांतील एक तृतीयांश लोकांनी मदत वारंवार नाकारली होती. रुग्णालयात ते बहुधा पडल्यामुळे किंवा एकाएकी कोसळल्यामुळे आले. त्यांपैकी ४६ टक्के दगावले. जे वाचले, त्यांतील बहुतेकांना उपचारांचा चांगला गुण आला आणि ते घरी परतले. खात्याला माहिती होती, मदतही देऊ केलेली होती. तरी संकट येईपर्यंत दार उघडले नाही. आणि संकटातून वाचलेला माणूस सावरू शकतो, हेही त्याच अभ्यासाने दाखविले.

हा धोका किती मोठा आहे, याचे एक मोजमाप अमेरिकेतील शिकागो शहरात झाले. नऊ हजारांहून अधिक वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेला निबंध २००९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांच्या आत्मउपेक्षेची नोंद समाजसेवा यंत्रणेकडे झाली होती, त्यांचा नोंदीनंतरच्या पहिल्या वर्षातील मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ सहापट होता. तेव्हा ‘त्यांची तशीच सवय आहे’ म्हणून जे घर सोडून दिले जाते, त्या घरात पुढचे वर्षच निर्णायक असू शकते.

हा विषय बंगळुरूत मांडण्याला विशेष औचित्य आहे. मराठी माणसाचा या नगराशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. आधुनिक काळात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साह्याने येथे विमानांचा कारखाना उभा केला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, घड्याळे, यंत्रे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सार्वजनिक कारखाने येथे बहरले. त्या काळात येथे नोकरीला येऊन स्थिरावलेली पिढी आज निवृत्त आहे. तिची मुले अनेकदा परदेशी आहेत. त्यानंतर माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेबरोबर आलेल्या तरुण पिढीने गावाकडच्या आईवडिलांना सत्तरीत येथे आणले. पहिल्या गटातील वृद्धाला शहर ठाऊक आहे, पण घरात कोणी नाही. दुसऱ्या गटातील वृद्धेच्या घरात माणसे आहेत, पण ती दिवसभर कामावर असतात. शेजारणीची भाषा कन्नड, उद्वाहनात भेटणाऱ्यांची भाषा इंग्रजी, आणि बारा तास मराठीचा शब्द कानी पडत नाही. तिसरा गट गावीच राहिलेल्या आईवडिलांचा. त्यांची मुले येथून रोज संध्याकाळी दूरध्वनी करतात आणि ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाला ‘झाले’ असे उत्तर ऐकून निर्धास्त होतात.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीवरील शंभरांपैकी सुमारे सहा व्यक्ती एकट्या राहत असल्याचे आढळले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. एकटे राहणे म्हणजे आत्मउपेक्षा नव्हे. हजारो वृद्ध एकटे आणि अत्यंत नीटनेटके राहतात. परंतु एकट्या घरात घसरण सुरू झाली, की ती पाहणारे डोळे नसतात.

ही घसरण होते कशी? तिची अनेक कारणे उपचाराने सुधारणारी आहेत, हे प्रथम सांगावयास हवे. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी वृद्धांत सहज आढळते. तिने स्मरण मंदावते, पाय अडखळतात, उत्साह मावळतो. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले तरी असेच चित्र दिसते. मोतीबिंदूने घरातील घाण दिसत नाही. ऐकू कमी येऊ लागल्यावर दारावरची घंटाच पोहोचत नाही. वार्धक्यातील नैराश्य रडण्यातून प्रकट होईलच असे नाही. ते ‘आता कशाला?’ या दोन शब्दांत लपलेले असते. लघवीच्या मार्गाचा साधा संसर्गही वृद्धाला एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा करू शकतो. स्मृतिभ्रंश हे कारण अर्थातच मोठे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजाप्रमाणे साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना तो आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील संस्कृतपंडित ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विद्वत्तेने या आजारापासून संरक्षण मिळत नाही, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

एक कारण विशेष फसवे आहे. मेंदूच्या पुढील भागाचे कार्य मंदावले, तर माणसाचे बोलणे शाबूत राहते आणि करणे ढासळते. असा वृद्ध स्वयंपाक कसा करावा हे सुसंगतपणे सांगतो. पण गॅसजवळ उभे राहून डाळ-तांदूळ शिजविण्याचा क्रम त्याला लावता येत नाही. पाहुणा बैठकीत बसून दहा मिनिटे बोलतो आणि ‘आजोबा अगदी ठणठणीत’ असा निर्वाळा देऊन जातो. म्हणून जाणकार नुसते विचारून थांबत नाहीत. ‘गोळ्या घेता का?’ असे विचारण्याऐवजी ‘आजची गोळी कोणती, ती जरा दाखवा’ असे ते म्हणतात. उत्तरात आणि कृतीत किती अंतर पडले आहे, ते तेथे कळते.

याखेरीज शोक असतो, अभिमान असतो आणि भीती असते. पन्नास वर्षे स्वयंपाकघरात पाऊल न ठेवलेल्या पुरुषाची पत्नी गेली, की त्याची उपासमार सुरू होते. पण शेजारी डबा मागणे त्याच्या मानी स्वभावाला मानवत नाही. घरातल्या वस्तूंचा ढीग कित्येकदा गेलेल्या माणसाच्या आठवणींचा असतो. आणि ‘एकदा दार उघडले की हे लोक मला वृद्धाश्रमात टाकतील आणि घर विकतील’ ही भीती नेहमीच निराधार असते असेही नाही. ‘मला काही नको’ या एकाच वाक्याआड इतके निरनिराळे अर्थ दडलेले असतात. त्यांपैकी कोणता खरा आहे, हे न शोधता त्या वाक्याचा आदरही करता येत नाही आणि त्याचा अव्हेरही करता येत नाही.

येथे प्रश्न नाजूक होतो. मोठ्या माणसाला स्वतःच्या घरात स्वतःच्या मताने राहण्याचा अधिकार आहे. ते मत इतरांना मूर्खपणाचे वाटले तरीही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याच्या ठायी निर्णयक्षमता नाही असे ठरविता येत नाही, असे तो कायदा स्पष्ट म्हणतो. समोरची माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम ध्यानात येणे आणि आपला निर्णय शब्दांनी, खुणेने वा अन्य प्रकारे कळविणे, या कसोट्यांवर ती क्षमता तपासावी लागते. तपासणी डॉक्टरांनी करावयाची असते. पुतण्याने किंवा सोसायटीच्या चिटणिसाने नव्हे.

समाजाकडून मात्र बहुधा दोन टोकांचे प्रतिसाद येतात. पहिला प्रतिसाद पाठ फिरविण्याचा : ‘त्यांनाच नको आहे, तर आपण काय करणार?’ दुसरा जबरदस्तीचा : एका रविवारी चार नातेवाईक येतात, कुलूप काढवतात, ट्रकभर सामान फेकून देतात, घर धुऊन काढतात आणि संध्याकाळी समाधानाने निघून जातात. धुतलेले घर काही महिन्यांत पुन्हा भरते. तुटलेला विश्वास मात्र पुन्हा भरून येत नाही. पुढच्या वेळी दार उघडत नाही. या दोहोंमध्ये तिसरी एक वाट आहे. ती संथ आहे, कमी समाधान देणारी आहे आणि अनेकांनी मिळून चालण्याची आहे. नकार ऐकून घ्यावा, पण नाते थांबवू नये. आज दारातूनच बोलणे झाले तर उद्या पुन्हा जावे. संपूर्ण घराचा आग्रह न धरता पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी करण्याची परवानगी मागावी. पाणी, औषध आणि पायाची जखम यांना अग्रक्रम द्यावा, भांडी नंतर.

परंतु संकट वाट पाहत नाही. वृद्ध व्यक्ती खाली पडली आहे, निपचित आहे, असंबद्ध बोलते आहे, दोन-तीन दिवस अन्नपाणी घेतलेले नाही, गॅसचा वास येतो आहे, किंवा हाकेला उत्तरच येत नाही, अशा वेळी नकाराचा विचार बाजूला ठेवून ११२ या क्रमांकावर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे. पोलीस येईपर्यंत जीवाला तत्काळ धोका नसेल, तर एकट्याने कुलूप तोडू नये. शेजारच्या दोघांना साक्षी ठेवावे. पडलेल्या व्यक्तीला घाईने उचलून बसवू नये. तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्यास स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हटले तरी रुग्णालयातील तपासणी टाळू नये.

आणखी एक गोष्ट मायेच्या भरात चुकते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसापुढे घरोघरचे डबे येतात. अशा देहाला एकदम भरपेट अन्न मिळाले, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाचा ताल बिघडू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी असे मृत्यू पाहिले. म्हणून अन्न थोडे थोडे आणि वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवावे लागते.

संकट इतके तीव्र नसेल, पण काळजी वाटावी असे असेल, तर कोणाला कळवावे? बंगळुरूचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट या संस्थेने आणि नगर पोलिसांनी २००२ साली ज्येष्ठांसाठी १०९० ही मदतवाहिनी सुरू केली. पोलिसांचा अधिकार आणि समुपदेशकाचे ऐकून घेणे, या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या. गणवेशातील माणूस एकटा दारात उभा राहिला तर वृद्ध घाबरतो. समाजकार्यकर्ता एकटा गेला तर दार उघडविण्याचा त्याला अधिकार नसतो. दोघांच्या मेळाने ते साधते. २०२१ पासून १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ देशभर उपलब्ध आहे; सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात ती विनामूल्य चालते. दूर गावी असलेल्या आईवडिलांसाठी बंगळुरूतील मुलाने आधार घ्यावा, असा हा क्रमांक आहे. मनाच्या आजाराची शंका असेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. ही राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी बंगळुरूतूनच सुरू झाली, येथील निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. परक्या शहरात मन मोकळे करू पाहणाऱ्या वृद्धेला मायबोली मिळणे, ही निम्म्या उपचाराइतकी मोलाची गोष्ट आहे.

कायद्याची स्थिती मात्र अपुरी आहे, हेही सांगितले पाहिजे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा उपेक्षेचा विचार करतो. पण उपेक्षा करणारा कोणी दुसरा आहे, असे तो धरून चालतो. मुलाने सांभाळले नाही, तर त्याच्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येते. जेथे उपेक्षा करणारा आणि उपेक्षित एकच आहे, तेथे प्रतिवादी कोणाला करावे? इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टखालील मार्गदर्शनात आत्मउपेक्षेचा स्पष्ट उल्लेख आला आणि स्थानिक प्रशासनावर चौकशीची जबाबदारी येऊ शकते, हे मान्य झाले. आपल्याकडे तसा थेट मार्ग नाही.

तरीही जे आहे, ते वापरता येते. २००७ च्या कायद्यासाठी केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि शक्यतो समाजकार्यकर्त्याला बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटावे, असे म्हटले आहे. आपल्या भागातील ठाण्यात ही यादी आहे का आणि तीत अमुक आजोबांचे नाव आहे का, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. मानसिक आजाराची शंका असून सांभाळ करणाऱ्याकडूनच हेळसांड होत असेल, तर पोलिसांना कळविता येते आणि दंडाधिकारी तपासणीचा आदेश देऊ शकतात. मानसिक आजारामुळे प्राण वा आरोग्य गंभीर संकटात असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ठरावीक मर्यादेत, बहात्तर तासांपर्यंत, तातडीचा उपचार करू शकतो. ही तरतूद संकटापुरती आहे; त्या बहात्तर तासांत माणसाचा विश्वास कमावला नाही, तर त्र्याहत्तराव्या तासाला तो पुन्हा त्याच घरात, त्याच अवस्थेत असेल.

म्हणून खरी कसोटी रुग्णालयातून घरी परतल्यावर लागते. पहिल्या आठवड्यात रोज एकाने जावे, आणि शक्यतो त्याच व्यक्तीने जावे; रोज नवा चेहरा आला तर वृद्धाला ती तपासणी वाटते. भेटीचे निमित्त साधे असावे : वर्तमानपत्र वाचून दाखविणे, वीजबिल भरून देणे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत जाणे. घरातील वस्तू हलविण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारावे. आर्थिक व्यवहारात हात घालू नये. घालावाच लागला तर लेखी हिशेब ठेवावा. आणि भेट देणाऱ्यालाही थकवा येतो, हे ध्यानी घेऊन ही जबाबदारी तिघा-चौघांत वाटून घ्यावी.

माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला येथे करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी इमारत किंवा निधी लागत नाही. शाळेजवळ जुने हजेरीपट आहेत. प्रत्येक तुकडीतील दोघांनी आपल्या तुकडीची आणि आपल्याला शिकविलेल्या शिक्षकांची यादी करावी. जे एकटे राहतात, ज्यांचा जोडीदार गेल्या वर्षभरात गेला आहे, जे स्नेहसंमेलनाला येईनासे झाले आहेत, त्यांच्या नावांपुढे खूण करावी. पंधरा दिवसांतून एक दूरध्वनी आणि दोन महिन्यांतून एक प्रत्यक्ष भेट, इतका नेम पुरेसा आहे. गावी असलेल्या वर्गमित्राने बंगळुरूतील मित्राच्या आईला भेटावे आणि बंगळुरूतील मित्राने गावाकडच्या मित्राच्या येथे आलेल्या वडिलांना भेटावे. शाळेने जोडलेले हे नाते वापरून दार उघडणे सोपे जाते. ‘मी तुमच्या सुधाकरच्या वर्गात होतो’ असे सांगणाऱ्याला सहसा उंबरठ्याबाहेर उभे ठेवले जात नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांनी तीन खुणा लक्षात ठेवाव्यात : दारात न उचललेल्या नंदिनी दुधाच्या पिशव्या, साचलेली वर्तमानपत्रे आणि दिवसाही जळत राहिलेला दिवा. रखवालदार, दूधवाला आणि घरकाम करणारी बाई यांना या खुणा सर्वांत आधी दिसतात. त्यांनी कोणाला सांगायचे, हे सोसायटीने आधीच ठरवून द्यावे आणि त्यांचे सांगणे चोंबडेपणात काढू नये.

शेवटी, जे आज स्वतः साठीच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्याविषयी. आपण कधी कोणाला दार लावून घेऊ, असे कोणालाच वाटत नाही. त्या तीस रुग्णांनाही तरुणपणी वाटले नसेल. म्हणून बुद्धी स्थिर असतानाच काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहिण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याखेरीज घरची एक किल्ली कोणाकडे असावी, आजारपणात कोणाची मदत चालेल आणि कोणाची नाही, घर सोडावेच लागले तर कोणती चार पुस्तके आणि कोणता फोटो बरोबर यावा, हे साध्या कागदावर लिहून मुलांना आणि एका मित्राला द्यावे. उद्या तोंडाने ‘नको’ म्हटले तरी हा कागद संकटसमयी मदत करणाऱ्यांना सांगेल, की या माणसाला खरोखर काय हवे होते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जुने विद्यार्थी एकत्र आले आहेत, दूरध्वनी क्रमांकांची देवाणघेवाण होईल, छायाचित्रे निघतील. घरी परतण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तुकडीतील जे आज येथे आले नाहीत, त्यांतील एकाचे नाव लिहून घ्यावे आणि या आठवड्यात त्याची चौकशी करावी. ‘मला काही नको’ असे उत्तर आले, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करावी.